जमिनीखाली एक मैल: 'लॉकडाऊन' कोणी वाचली आहे का? (रहस्यभेद भरपूर)

कातळकोर

अलेक्झांडर गॉर्डन स्मिथ या इंग्लिश लेखकाची 'एस्केप फ्रॉम फर्नेस' ही पाच कादंबऱ्यांची मालिका आहे. पहिली 'लॉकडाऊन', २००९ ची. (करोनाशी काहीएक संबंध नाही, आधीच सांगून ठेवतो.) किशोरांसाठीची भयकथा म्हणून तिचं बरंच नाव आहे. भाच्याने पिच्छा पुरवला म्हणून वाचली आणि आता डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून हा धागा.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. ॲलेक्स सॉयर, वय १४. आधी शाळेत पोरांना दमदाटी करून पैसे उकळायचे, मग घरफोड्या. अशाच एका घरात काळ्या सुटातली धिप्पाड माणसं उगवतात, त्याच्या मित्राला गोळी घालतात आणि खून ॲलेक्सच्या नावावर लावतात. शिक्षा जन्मठेप, तीही फर्नेसमध्ये. हा फक्त पोरांसाठी बांधलेला तुरुंग, जमिनीखाली एक मैल. काही काळापूर्वी पोरांच्या टोळ्यांनी रक्तपात घडवला (त्याला पुस्तकात 'समर ऑफ स्लॉटर' म्हणतात) आणि घाबरलेल्या समाजाने हे भुयार मान्य केलं. आत काळे सूटवाले, कातडी सोललेले कुत्रे, चेहऱ्यावर गॅस मास्क असलेले 'व्हीझर' आणि ज्याच्या डोळ्याला डोळा देता येत नाही असा वॉर्डन. रात्री अधूनमधून लाल दिवे लागतात. तो 'ब्लड वॉच'. त्या रात्री काही पोरं कोठडीतून उचलली जातात.

माझं म्हणणं असं. सुरुवातीला मी खरोखर टरकलो होतो. लिफ्टने खाली जातानाचा भाग तर उत्तमच. पण अर्ध्यावर येईतो भीती विरून गेली आणि उरली फक्त धावपळ. कारणं शोधली तेव्हा दोन सापडली. एक, लेखक पहिल्या पानापासून तार सप्तकात गातो, मग वर जायला जागाच राहत नाही. प्रत्येक प्रकरण किंचाळून संपतं. दोन, हे जग टेकू दिल्यासारखं उभं आहे. शेकडो पोरं गायब होतात आणि एक आई दारात येऊन बसत नाही? एक पत्रकार नाही? एक चौकशी समिती नाही?

तर प्रश्न असा की भयकथेला जग पक्कं लागतं का? की भीती पुरेशी असेल तर वाचक बाकीचं माफ करतो?

मिरचीकांदा

एक मैल खोल तुरुंग. बाकी सगळं सोडा, टेंडर कोणाला मिळालं ते सांगा.

घुबड_सदाशिव

कातळकोर, अर्धा सहमत, अर्धा अजिबात नाही.

ब्लड वॉच हा त्या पुस्तकातला सगळ्यात शहाणपणाने रचलेला भाग आहे आणि तो तुम्ही एका ओळीत उरकलात. बघा, त्याला नियम आहेत. दिवे लाल होतात, व्हीझर कोठड्यांसमोरून फिरतात, त्यांचा तो घरघरता श्वास आधी ऐकू येतो. एखाद्या दारावर खूण होते आणि त्या दारातला मुलगा जातो. वाचकाला एकदा हे कळलं की पुढच्या वेळी लेखकाला काही करावंच लागत नाही. लाल दिवा लागला की आपणच कान लावून बसतो. फक्त एकच गोष्ट माहीत नसते, कोणतं दार.

हिचकॉकने त्रूफोला दिलेल्या मुलाखतीतली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितलं तर पंधरा मिनिटांचा ताण, नाही सांगितलं तर पंधरा सेकंदांचा धक्का. ब्लड वॉच हा आधी सांगितलेला बॉम्ब आहे. कुत्रे हा न सांगितलेला. तुमची भीती विरली ती कुत्र्यांमुळे. ते येतात, भुंकतात, पळवतात, जातात. पहिल्यांदा दचकलो, नंतर मी पान किती राहिलंय ते बघत होतो.

पोपट_पंची

हिचकॉकचा बॉम्ब आला! आता धागा शंभरी गाठणार. कोणी चेकॉव्हची बंदूक (सुरुवातीला भिंतीवर दिसली तर शेवटी उडायलाच हवी, तीच ती) घेऊन येतंय का, की मीच आणू?

अनघा_लीड्सकर

मी इंग्लंडात शाळेत शिकवते आणि हे पुस्तक आमच्या ग्रंथालयात कायम बाहेर गेलेलं असतं. मुखपृष्ठ फाटून दोनदा बदललं. तेव्हा थोडं इथल्या बाजूने.

'समर ऑफ स्लॉटर' तुम्हाला टेकू वाटला. इथे राहून वाचलं तर तसं वाटत नाही. १९९३ मध्ये लिव्हरपूलजवळ दोन दहा वर्षांच्या मुलांनी दोन वर्षांच्या बाळाला मारलं. तो खटला प्रौढांच्या न्यायालयात चालला. आरोपींना कठडा उंच पडत होता म्हणून पायाखाली चौथरा केला होता. न्यायालयाबाहेर मोठी माणसं पोलिसांच्या गाडीवर धावून जात होती. त्यानंतर या देशाची पोरांकडे बघायची नजरच बदलली. १९९८ च्या कायद्याने समाजविघातक वर्तनाबद्दलचे आदेश आले, ते दहा वर्षांच्या मुलावरही काढता यायचे. त्याच वर्षी बारा ते चौदा वयाच्या मुलांना डांबायची पहिलं खासगी केंद्र उघडलं. २००५ च्या सुमाराला तर टोपीवाला सदरा घातला म्हणून पोरांना मॉलमधून हाकलत. इंग्लंड-वेल्समध्ये आजही दहाव्या वर्षापासून गुन्हेगारी जबाबदारी धरतात.

लेखकाने यातलं काही शोधून काढलेलं नाही. तापमापक थोडा वर सरकवला, इतकंच. माझी तक्रार उलटी आहे. त्याच्या हातात इतकं पेटलेलं सामान होतं आणि त्याने ते दोन-तीन परिच्छेदांत संपवलं. ज्या शेजाऱ्याने टाळ्या वाजवून हा तुरुंग बांधायला लावला, तो शेजारी मला बघायचा होता. तो व्हीझरपेक्षा भयानक असता.

वकीलीण

अनघाताईंना जोरदार अनुमोदन, आणि थोडी भर.

अमेरिकेत हा 'समर ऑफ स्लॉटर' न घडताच कायदे झाले! १९९५ मध्ये जॉन डिलूलिओ या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने 'सुपरप्रिडेटर' पोरांची लाट येणार असं भाकीत केलं. निर्दय, विवेकशून्य, टोळ्याटोळ्यांनी मारणारी पोरं. राज्यांनी धडाधड कायदे कडक केले, पोरांचे खटले मोठ्यांच्या न्यायालयात गेले. आणि लाट? आलीच नाही. किशोरांचे गंभीर गुन्हे तोवर उतरणीला लागले होते. डिलूलिओंनी पुढे स्वतःच हे भाकीत चुकल्याचं मान्य केलं. पण जी पोरं आत गेली ती गेली. १८ वर्षांखालच्यांना फाशी देता येणार नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवायला २००५ उजाडलं.

आपल्याकडे सांगायचं तर डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या प्रकरणात एक आरोपी अल्पवयीन होता, त्याला तीन वर्षांची कमाल मुदत मिळाली आणि देश पेटला. २०१५ च्या कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलावर घोर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालवायची वाट उघडली. तो राग खोटा होता असं मी म्हणत नाही. इतकंच म्हणते की रागातून तुरुंग कसे बांधले जातात याचा नमुना बघायला भुयारात उतरावं लागत नाही.

आता पुस्तकाबद्दल. मला खटकलं ते वेगळंच. तुरुंग हा कागदावर चालतो हो! सकाळ-संध्याकाळ गिनती. कोण आला, कोण गेला, कोणाची मुलाकात, कोणाला दवाखाना, प्रत्येकाची नोंद. मी अशिलांना भेटायला जाते तेव्हा दाराशी पहिला अर्धा तास रजिस्टरातच जातो. फर्नेसमध्ये रात्री एक मुलगा उचलला. सकाळी गिनतीत एक कमी. मग त्या रकान्यात काय लिहिलं? बदली? मृत्यू? की ओळच खोडली? एखाद्या पोराच्या हाती ते रजिस्टर लागलं असतं आणि उद्याच्या तारखेला त्याचंच नाव आधीच खोडलेलं दिसलं असतं, तर एकाही राक्षसाची गरज पडली नसती.

मिरचीकांदा

वकीलीणबाई, हे तुम्हीच लिहा. पहिली प्रत माझी. गिनतीत धरा.

गोट्या_सीनियर

काय चाललंय राव? तेरा वर्षांच्या पोरांचं पुस्तक आहे ते. त्यात चौकशी समिती आणि रजिस्टर? मग पंचनामा, मग साक्षी, मग तारीख पे तारीख. पोरगं झोपून जाईल. भीती म्हणजे पोटात गोळा, बस. तो आला की पुस्तक पास. तुम्ही लोक भुताला आधार कार्ड मागाल.

खाणीतला_म्हातारा

मी निवृत्त खाण अभियंता. नोकरी चंद्रपूर-वणी पट्ट्यात कोळशात गेली. नातीने हे पुस्तक दिलं, 'आजोबा तुमच्याबद्दल आहे' म्हणून! त्यामुळे माझं वाचन जरा धंदेवाईक झालं, सांभाळून घ्या.

जमिनीखाली एक मैल म्हणजे सोळाशे मीटर. खाली जावं तसं खडक तापत जातो, एका किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. इंग्लंडसारख्या थंड मुलखातही तिथे खडकच पन्नाशीच्या घरात असेल. अशक्य काही नाही. आपल्या कोलारला सोन्यासाठी माणसं तीन किलोमीटरच्या खाली उतरत होती, दक्षिण आफ्रिकेत तर चार किलोमीटरच्या जवळ. पण तिथे वरून थंड केलेली हवा सोडतात. वारा बंद पडला तर माणूस कुत्र्याने नव्हे, उकाड्याने मरतो. पोरं दिवसभर कुदळी मारतायत आणि घामाचं नाव जेमतेम.

दुसरं, तो सुटकेचा बेत. स्वयंपाकघरातला वायू रबरी हातमोज्यांत भरायचा आणि त्याने जमीन फोडून खालच्या नदीत उडी घ्यायची. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिसळला असेल तरच स्फोट होतो, हे खाणीत पहिल्या दिवशी शिकवतात. नुसता वायू भरलेला मोजा पेटवला तर भपका होईल. आणि उघड्यावर झालेल्या स्फोटाचा जोर मोकळ्या बाजूला जातो, खडकात नाही. म्हणून तर आम्ही भोक पाडून, दारू ठासून, तोंड बंद करतो. असो. पोरं जिथे स्फोट करतात ती खोली आधीच कोसळलेली आणि तडकलेली दाखवली आहे, म्हणून सूट देतो.

पण गोट्याराव, हे मी चुका काढायला सांगत नाही. खाणीत मुख्य पंख्याचा आवाज चोवीस तास असतो. इतका की तो ऐकू येईनासा होतो. जुना कामगार बोलता बोलता एकदम थांबला, मान वर केली की समजायचं, आवाज बंद झालाय. मग कोणी धावत नाही, ओरडत नाही. डबे बंद करतात, दिवे तपासतात आणि वाटेकडे तोंड करून उभे राहतात. त्या पाच मिनिटांत पोटात जो गोळा येतो ना, तो मी कोणत्याही भयकथेत वाचलेला नाही. लेखकाने एक मैल खोल तुरुंग बांधला आणि हवा कुठून येते एवढं स्वतःला विचारलं असतं, तर हा गोळा त्याला फुकट मिळाला असता. पंख्याची कळ वॉर्डनच्या हातात!

पोपट_पंची

आजोबा, साष्टांग _/\_ . धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं, कुलूप लावा.

गोट्या_सीनियर

हे मात्र मान्य. पण हे 'जग पक्कं' असण्याबद्दल नाहीये, ती एक भारी कल्पना आहे. भारी कल्पना सुचणं आणि हिशेब जुळवणं यात फरक आहे.

घुबड_सदाशिव

फरक नाही, हेच तर आजोबा सांगतायत. हिशेब करायला बसला म्हणून पंखा सापडला. कोठडीत बसून 'भीतिदायक काहीतरी हवं' असा विचार केला की सोललेला कुत्रा सापडतो. तो कुठल्याही पुस्तकात सोडा, तसाच भुंकेल. पंखा फक्त फर्नेसमध्येच भीती दाखवू शकतो.

नववी_ब

नमस्कार, मी इथे पहिल्यांदाच लिहितोय. कातळकोर माझा मामा आहे, मीच दिलं होतं पुस्तक. सगळे काका-काकू दिसतायत म्हणून घाबरत लिहितोय.

मामा म्हणतो आई-बाबा कुठे आहेत. अरे पण ॲलेक्स खरंच चोऱ्या करत होता. तो आता खरं बोलला तरी कोण ऐकणार? मला ते एकदम पटलं. आमच्या वर्गात एकदा पैसे गेले होते तर आधीपासून ज्याचं नाव खराब होतं त्यालाच ऑफिसात नेलं. नंतर पैसे दुसऱ्याच्या दप्तरात सापडले. सॉरी कोणीच म्हणालं नाही.

आणि मला व्हीझरची भीती वाटलीच नाही, ते गेममधल्यासारखे आहेत. भीती वाटली जेवणाच्या हॉलची. नवीन आलास की कुठे बसायचं, कोणाकडे बघायचं नाही, कवटीवाल्या टोळीच्या टेबलाजवळून कसं जायचं. डोनोव्हन त्याला ते सगळं शिकवतो. म्हणून डोनोव्हनचं जे होतं ते सगळ्यात वाईट वाटलं. बेत त्याच्याशिवाय जमलाच नसता आणि बरोबर आदल्या रात्री त्यालाच नेतात. मी पुस्तक बंद करून ठेवलं होतं.

कातळकोर

अरे चोरा! सभासद कधी झालास? ताईला माहीत आहे का?

नववी_ब

मामा प्लीज.

अनघा_लीड्सकर

नववी_ब, स्वागत! इतक्या काका-काकूंनी मिळून जे सांगितलं नाही ते तू सांगितलंस.

तो म्हणतोय ते नीट पाहा. गोष्ट ॲलेक्स स्वतः सांगतो, घडून गेलेली. म्हणजे तो जगला हे आपल्याला पहिल्या पानापासून माहीत. 'तो वाचेल का' हा प्रश्न लेखकाने स्वतःच निकालात काढला. मग ताण कुठून आणायचा? तर ज्याच्या जगण्याची हमी नाही अशा माणसात तो ठेवायचा. डोनोव्हन. तो दांडगा आहे, थट्टा करतो, पोराला वाट दाखवतो, आपण त्याच्या प्रेमात पडतो आणि मग लाल दिवा लागतो. घुबड म्हणतात ते 'कोणतं दार' इथे खरं चावतं, कारण दारामागे दोघं आहेत आणि सांगणारा वाचणार हे पक्कं आहे.

वकीलीण

छान पकडलंत. माझी एक मोठी तक्रार मात्र राहतेच. ॲलेक्स खुनाबाबत निर्दोष आहे. झी नावाचा त्याचा मित्रही फसवलेलाच. दोघांना वाचवताना आपल्या मनाला तोशीस पडत नाही. ॲलेक्सने तो खून खरोखर केला असता तर? चौदा वर्षांचा, खरा गुन्हेगार, आणि तरीही या भुयारात कोणालाही टाकू नये असं वाचकाला वाटायला लावायचं. ते अवघड होतं आणि त्यासाठीच हे पुस्तक लिहायला हवं होतं. गॅरी ओवेन्ससारखा खराखुरा खुनी पोरगा त्यात आहे, पण त्याच्या डोक्यात लेखक शिरत नाही. तो आपला भीती घालायला ठेवलाय.

धुकं_महाबळेश्वरी

अवांतर: आपल्याकडे किशोरांसाठी भय म्हणून काय आहे? माझ्या पिढीने नववी-दहावीत धारप आणि मतकरी चोरून वाचले. ती पुस्तकं मोठ्यांची होती, त्यामुळेच चोरायला मजा. धारपांच्या वाड्यात पहिली दहा पानं काही होतच नाही. जिन्याची पायरी, बंद खोली, कोणीतरी हे घर भाड्याने इतकं स्वस्तात का दिलं याची कुजबुज. मतकरींकडे तर कित्येकदा भूतच नसतं, माणूसच पुरतो. किशोरांसाठी म्हणून वेगळं लिहायचं तर आपल्याकडे फास्टर फेणे. तो संकटात पडतो, पण 'ट्टॉक' करून सुटणार हे ठरलेलं.

मिरचीकांदा

तुरुंगातून आपल्याकडे काय बाहेर आलं? साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात बसून १९३३ मध्ये 'श्यामची आई' लिहिली. फर्नेसमधून बाहेर आला राक्षस. ज्याची त्याची परंपरा.

धुकं_महाबळेश्वरी

खिक्! पण अंदमानही आपल्याच परंपरेत आहे हो.

जुनी_वही

अंदमानचा विषय निघाला म्हणून लिहिते. इतिहास शिकवत होते, सवय जात नाही.

सेल्युलर जेल १९०६ मध्ये पुरं झालं. मधल्या मनोऱ्यातून निघालेल्या सात लांब इमारती. आणि रचना अशी की एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. गजांतून बाहेर पाहिलं की समोर भिंत. शेजारच्या कोठडीत सख्खा भाऊ असला तरी कळू नये. सावरकर बंधूंच्या बाबतीत हे अक्षरशः घडलं, दोघं एकाच तुरुंगात असून दीर्घ काळ भेट नाही. कोलूला जुंपलेल्या कैद्याने दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, माप कमी भरलं की शिक्षा.

याचं मूळ इंग्लंडातच आहे. लंडनचं पेंटनव्हिल १८४२ मध्ये उघडलं. कैद्याने कैद्याला ओळखायचंच नाही हे तिथलं सूत्र. कोठडीबाहेर पडताना टोपीचा पुढचा भाग चेहऱ्यावर ओढायचा, त्याला डोळ्यांपुरती भोकं. प्रार्थनेला बसायचं तर प्रत्येकाला उभं लाकडी खोकं, ज्यातून फक्त समोरचा धर्मोपदेशक दिसेल. बोलणं बंद. ही सुधारणा होती बरं का, पश्चात्तापाला शांतता मिळावी म्हणून! माणसं भ्रमिष्ट होऊ लागली. इतर तुरुंगांत पुढे 'क्रँक' आला, म्हणजे वाळूच्या पेटीवरचा दांडा. दिवसाला दहा हजार फेरे. त्यातून पीठ निघत नाही, पाणी चढत नाही, काहीच होत नाही. फक्त फिरवायचा.

आता फर्नेसकडे बघा. तिथे मुखवटा राक्षसाच्या तोंडावर आहे. खऱ्या इतिहासात तो कैद्याच्या तोंडावर होता आणि घालणारे चांगल्या घरचे, देवभीरू लोक होते. तुरुंगाची भीती वाटते ती त्यातला माणूस दुष्ट असल्यामुळे नव्हे. सगळं नियमाने, वेळेवर, तुमच्या भल्यासाठी चाललेलं असतं म्हणून. या पुस्तकाचा वॉर्डन उघडउघड सैतान आहे, तिथेच मला सुटल्यासारखं वाटलं. सैतानाशी लढता येतं.

गोट्या_सीनियर

जुनीताई, दंडवत. पण पोराला पेंटनव्हिल वाचायला देऊन बघा, आणि फर्नेस देऊन बघा. कोणतं पुस्तक रात्री पांघरुणात टॉर्च लावून वाचलं जाईल?

जुनी_वही

फर्नेस. म्हणून तर शिव्या घालत मी पूर्ण वाचलं.

कातळकोर

धाग्याने अपेक्षेपेक्षा वेगळंच वळण घेतलं, मजा आली. पुन्हा मूळ प्रश्नाकडे येतो.

आजोबा, वकीलीण आणि जुनीताई तिघांचे प्रतिसाद शेजारी ठेवून वाचले. पंखा, रजिस्टर, मुखवटा. तिन्ही गोष्टी 'हे चालतं कसं' या कंटाळवाण्या प्रश्नातून निघाल्या आणि तिन्हींनी मला पुस्तकातल्या कुठल्याही प्राण्यापेक्षा जास्त घाबरवलं. तेव्हा गोट्या, आधार कार्ड भुताला मागायचं नाहीये. ते लेखकाने आपल्या खिशात ठेवायचं. वाचकाला दाखवायची गरज नाही, पण त्याच्याकडे ते आहे हे पानोपानी कळतं. ब्लड वॉच लिहिताना ते त्याच्या खिशात होतं. कुत्रे लिहिताना नव्हतं.

तार सप्तकाबद्दलचं माझं म्हणणं कायम. फक्त चिरंजीवांनी सांगितलेला जेवणाचा हॉल मी परत वाचला. तिथे लेखक खरंच खालच्या पट्टीत आहे. ट्रे हातात घेऊन उभा असलेला मुलगा आणि कुठे बसावं हे न कळणं, बस. असे प्रसंग आणखी हवे होते. ॲलेक्सला मी तिथे ओळखलं, धावताना नाही.

घुबड_सदाशिव

पुढचे भाग वाचणार का? तिथे काळ्या द्रव्याचा आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत जाणारा इतिहास येतो. म्हणजे 'हे चालतं कसं' याचं उत्तर लेखक देतो. माझ्या मते फार उशिरा आणि फार सविस्तर. व्हीझर कोण ते कळल्यावर त्यांचा श्वास ऐकू येईनासा झाला.

अनघा_लीड्सकर

मला उलट व्हीझरची कीव आली, आणि ती मला भीतीपेक्षा जास्त दिवस पुरली. वाचा, मग भांडू.

खाणीतला_म्हातारा

दुसऱ्या भागात नदीचं काय होतं ते सांगू नका, नात आणून देणार आहे. फक्त एवढं सांगा, सोळाशे मीटर खाली वाहणारी नदी पुढे जाते कुठे? समुद्रसपाटीच्या इतक्या खाली पाणी उपसायला पंप लागतो.

मिरचीकांदा

त्याचंही टेंडर निघालं असणार, आजोबा.

नववी_ब

दुसरा भाग माझ्याकडे आहे. मामा, रविवारी येताना पहिला परत आण, मित्राला द्यायचाय. आणि आईला या धाग्याची लिंक पाठवू नकोस.